बारावा प्रश्न

राजश्रीच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवताना शुभदाने सेलोटेप अंगठ्याने जरा दाबली आणि राजश्रीच्या तोंडून "आई गं" निघून गेलं.

"लागलं का गं?"

"नाही नाही. सकाळपासून डोकं दुखायलंय," राजश्री म्हणाली आणि हसली.

केसांच्या मुळाशी चार दिवसांपूर्वीचं टेंगूळ होतं. नीरज बोलत असताना तिने वॉर्डचा फोन घेतला, एवढंच निमित्त. त्याने तिचं डोकं धरून ओट्यावरच्या कपाटाच्या उघड्या दाराच्या कडेवर आपटलं, आणि ती ओरडली नाही म्हणून पुन्हा एकदा आपटलं. मग तो बाहेर जाऊन टीव्ही बघत बसला. राजश्री आयसीयूत नर्स होती. तिने बाथरूमच्या आरशात मोबाइलचा टॉर्च लावून स्वतःच्याच डोळ्यांच्या बाहुल्या तपासल्या. दोन्ही सारख्या होत्या, म्हणजे मेंदूला मार नसावा. तिने भांग बदलला आणि ड्यूटीला गेली.

आज शुक्रवार, इथला सुट्टीचा वार. कुवेतच्या सबाह अल-सालेम भागातल्या हरीश आणि शुभदाच्या हॉलमध्ये सोफे भिंतीला सरकवून मधोमध एक खुर्ची मांडली होती. हरीश कुवेत सिटीतल्या एका कंपनीत अकाउंटंट होता, पण त्याचा जीव रमायचा इतिहासात. राजश्रीला नर्स म्हणून ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मिळाला होता आणि तिच्यासोबत नवरा नीरज आणि नऊ वर्षांची अक्षरा यांनाही. त्याबद्दल हरीशने ओळखीच्या चार मराठी कुटुंबांनाही बोलावून दुपारचं जेवण ठेवलं होतं, आणि जेवणानंतर हा खेळ.

"जिथे कायमचं राहायचं तिथली चार माणसं ओळखीची नकोत का?" असं म्हणत त्याने दोन आठवडे खपून चिठ्ठ्या केल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातलं एक धाडसी नाव. ती आपल्या कपाळावर, म्हणजे आपल्याला सोडून सगळ्यांना दिसते. खुर्चीत बसायचं, पंधरा प्रश्न विचारायचे आणि आपण कोण ते ओळखायचं. न्यायाधीश होत्या अक्षरा आणि तिच्याच वर्गातली हरीशची मुलगी अस्मिता. त्यांच्या हातात हरीशने छापून आणलेले माहितीचे कागद होते. उत्तर फक्त येस किंवा नो.

शुभदाची पाळी आधीच झाली होती. पंधरा प्रश्न संपले तरी आपण मांजर आहोत हे तिला कळलं नव्हतं. जहाजातून अख्ख्या ऑस्ट्रेलियाला फेरी मारणाऱ्या कप्तानाचं मांजर. ती अजून हरीशवर चिडलेली होती आणि मुली लोळून हसत होत्या.

राजश्री खुर्चीत बसली.

"मी बाई आहे?"

"नो!"

"पोलीस?"

मुली किंचाळल्या. "नो!"

"पोलीस माझ्या मागे होते?"

"येस!"

"गोळी लागून मेले?"

अस्मिताने कागद पाहिला. "गोळ्या लागल्या, पण... नो."

"फाशी?"

"येस."

रात्रपाळीत मॉनिटरचे आवाज ऐकत राजश्रीने महिनाभर ऑस्ट्रेलियाबद्दल मिळेल ते वाचलं होतं. "अंगात लोखंडी चिलखत होतं?"

अक्षरा टुणकन उडी मारून उठली. "येस! आई, येस!"

"नेड केली."

सहा प्रश्नांत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दरोडेखोराचं नांगराच्या फाळांपासून बनवलेलं चिलखत कसं होतं, मांड्यांच्या खाली काहीच नव्हतं म्हणून पोलिसांनी त्याच्या पायांत गोळ्या घातल्या, रक्ताने माखून तो कसा कोसळला, हे हरीशने उभं राहून हातवारे करत सांगितलं. नीरजही टाळ्या वाजवत होता. सगळे थांबल्यावरही त्याने आणखी दोन-तीन वाजवल्या.

"आमच्या मॅडमना चोरांची माहिती बरी," तो म्हणाला.

लोक हसले. राजश्रीही हसली आणि उठून शुभदाला ताटं आवरायला मदत करू लागली. नीरजच्या आवाजात आता एक बारीक धार आली होती. इतर कुणाला ती ऐकू येत नव्हती. तिला यायची, वॉर्डात एखाद्या पेशंटचा श्वास बदलला की पाठमोरी असतानाही कळायचं तशी.

नीरज खुर्चीत बसला. पुण्याचा, एका बँकेत आयटीचा मॅनेजर, उंच, दिसायला देखणा, बोलण्यात कुणालाही जिंकणारा. हरीशने त्याच्या कपाळावर चिठ्ठी लावली. तिच्यावर लिहिलं होतं: बर्क. उंट घेऊन ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या मोहिमेचा म्होरक्या.

"मी पुरुष?"

"येस."

"राजकारणी?"

"नो."

"लीडर होतो?"

"येस."

"वाटलंच," नीरज म्हणाला, आणि त्याने कॉलर ताठ केली. लोक खूश झाले. तो सहाव्या प्रश्नाला वाळवंटात पोचला आणि आठव्याला उंटावर. "कुवेतचाच दिसतोय रे!" कुणीतरी ओरडलं. नवव्या प्रश्नाला त्याने विचारलं, मी शूर होतो का, आणि दोन्ही मुलींनी येस म्हटलं. दहाव्याला, मी परत आलो का? नो. अकराव्याला, मला कुणी मारलं का? नो.

"मग मी कुणाला मारलं?"

"नो," अस्मिता म्हणाली.

"येस," अक्षरा म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. "किल नाही केलं त्याने," अस्मिता कुजबुजली.

"मारलं म्हणजे हिट पण," अक्षरा म्हणाली. तिने कागद वर धरला आणि शाळेत धडा वाचतात तसं वाचलं, "यू हिट अ सिक मॅन. त्याने भूक लागली म्हणून थोडं पीठ घेतलं होतं. तू म्हणालास, तो आजारी असल्याचं नाटक करतोय. मग तो मेला." तिने मान वर केली. "आणि नंतर तू सगळ्यांना सांगितलंस, ती बाथरूममध्ये पडली."



"अगं, हे शेवटचं माझ्या कागदावर नाहीये हं," हरीश हसत म्हणाला. मग त्याचं हसू थांबलं. त्याने शुभदाकडे पाहिलं. शुभदा राजश्रीच्या केसांकडे बघत होती.

अक्षराने कागद पाठीमागे लपवला.

नीरजने चिठ्ठी सावकाश काढली आणि वाचली. "बर्क," तो म्हणाला. "मला येत नव्हतंच." मग घड्याळ बघून उठला. "चला, निघू या आम्ही. बाईसाहेबांना सकाळी ड्यूटी आहे."

"अक्षराला राहू दे ना आज," शुभदा घाईने म्हणाली. "दोघी खेळतील. उद्या शाळा नाही."

"नको. घरी जाऊन तिच्याशी जरा बोलायचंय."

राजश्रीने त्या क्षणी काही बोलायला हवं होतं. शुभदाने वाट बघितली. पण नऊ वर्षांच्या सवयीने राजश्री दाराकडे वळली. ती चपला घालू लागली. शुभदाने साखरभाताने भरलेला तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा तिच्या हातात दिला आणि तो देताना तिची बोटं क्षणभर घट्ट धरून ठेवली.

लिफ्टमध्ये नीरज गुणगुणत होता.

गाडी सहाव्या रिंग रोडला लागली. चार वाजून गेले होते. समोर तिरपं ऊन. नीरज डावीकडच्या स्टिअरिंगवर, राजश्री त्याच्या उजवीकडे. मागच्या सीटवर पट्टा लावून अक्षरा बसली होती, गुडघे जवळ घेऊन.

"कुणाकुणाला सांगितलंयस?" त्याने विचारलं.

"कुणालाच नाही, नीरज."

त्याचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि मूठ तिच्या तोंडावर बसली. ओठ दातावर फाटला. तिने ओरडणं आतच गिळलं. अक्षरा गाडीत असताना ओरडायचं नाही, हा तिचा तिनेच केलेला नियम होता.

"मग पोरीला कोणी पढवलं? चारचौघांत! माझ्या मित्रांसमोर!" दुसरा ठोसा कानावर. तिसरा मांडीवर, जिथे खूण दिसत नाही. एकशे वीस. एकशे तीस. डावीकडचा कठडा नुसती करडी रेघ झाला होता. "व्हिसा तुझ्या नावावर आला म्हणून शिंगं फुटली का तुला? अंबाजोगाईच्या हॉस्टेलमधून उचलून आणलं तुला मी. इथे मी आणलं!"

"बाबा, स्लो डाउन," अक्षरा म्हणाली. "बाबा, प्लीज."

"तू गप्प बस."

"बाबा, आईचं रक्त येतंय."

नीरजने मान वळवली. उजवा हात मागे गेला आणि सगळ्या ताकदीने फिरला. मनगटातलं जड घड्याळ अक्षराच्या भुवईवर आपटलं. फळीवर काही पडावं तसा आवाज झाला, आणि त्यानंतर मागून काहीच आवाज आला नाही.

आजवर त्याने अक्षराला बोट लावलं नव्हतं. नऊ वर्षं राजश्री त्याच एका गोष्टीवर तग धरून होती. तो मला मारतो, पण पोरीला नाही. हे वाक्य तिने आईपासून लपवलं होतं, मैत्रिणींपासून लपवलं होतं, पण स्वतःला रोज ऐकवलं होतं. आता ते वाक्य संपलं.

त्याचा हात परत येत असताना तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि मनगटाच्या वर कडकडून चावली. दात आत गेले. तोंडात खारट रक्त आलं, त्याचं की आपलं ते कळेना. तो गुरासारखा ओरडला. गाडी उजवीकडे फेकली गेली, तीन लेन ओलांडून, चहूबाजूंनी हॉर्न वाजत असताना. उजव्या कठड्याला पत्रा घासत ठिणग्या उडाल्या, आरसा तुटून गेला आणि कठडा संपला तिथे गाडी वाळूत शिरून हेलकावत उभी राहिली.

राजश्री मागे वळली. अक्षराचा डोळा रक्ताने भरला होता, पण ती बघत होती. श्वास चालू होता. "आई," ती म्हणाली.

तेवढ्यात राजश्रीच्या बाजूचं दार उघडलं. नीरजने तिला केसांना धरून बाहेर ओढलं. डबा तिच्या मांडीवरून घरंगळत वाळूत पडला. ती पालथी पडली आणि त्याने बुटाने बरगडीत लाथ घातली. मग पुन्हा. काय करायचं ते तिला माहीत होतं. हनुवटी छातीशी, कोपर डाव्या कुशीवर, प्लीहा वाचवायची. असे मार खाल्लेले लोक तिने रोज पाहिले होते. आतून काहीतरी तुटल्याचं तिने ऐकलं. दोन बरगड्या.

"आता सांग सगळ्यांना! सांग!"

तिचा डावा हात वाळूत पसरला आणि बोटांना स्टील लागलं. डब्याचे कप्पे एकमेकांत अडकवणारी दांडी. तिने ती मुठीत धरली, गुडघ्यावर उठली आणि पूर्ण हात फिरवला.

नीरजचं नाक मोडलं. तो दोन पावलं मागे गेला, हात तोंडावर घेऊन. बोटांमधून रक्त सांडत होतं. त्याच्या चेहऱ्यावर वेदनेपेक्षा आश्चर्य जास्त होतं. राजश्री उभी राहिली आणि तिने पुन्हा मारलं, आता कानशिलावर. तो एका गुडघ्यावर आला. तिने तिसऱ्यांदा मारलं. डब्याचं झाकण उडालं आणि केशरी भात त्याच्या शर्टावर आणि वाळूवर पसरला.

मग तिच्या हातातली दांडी निसटली, कारण लाथांत सापडलेल्या डाव्या मनगटाला आता वजन पेलवेना आणि श्वासही घेता येईना.

नीरज उठला. तिच्याकडे आला नाही. धडपडत गाडीत बसला आणि त्याने दारं लॉक केली. "जा, कुठे जायचं तिथे जा," तो काचेआडून ओरडला. "पोरगी माझी आहे."

इंजिन सुरू झालं. मागच्या काचेवर अक्षराचे दोन्ही तळहात दिसले. राजश्रीने मागच्या दाराचं हँडल धरलं आणि सोडलं नाही. गाडी सरकली, ती सोबत फरफटली, गुडघे सोलत गेले, चप्पल मागे राहिली. चाकं वाळूत फिरत होती म्हणून वेग नव्हता, एवढंच तिचं नशीब.

समोर एक निळा छोटा मालवाहू ट्रक, इथल्या भाषेत हाफ-लॉरी, येऊन आडवा थांबला. ड्रायव्हरने उडी मारली, हातात चाकाचा पाना घेऊन. पन्नाशीचा, मेंदी लावलेली दाढी. तो मागच्या दाराच्या काचेपाशी आला, त्याने अक्षराला हाताने बाजूला सरकायची खूण केली आणि पाना मारला. काच चुरा होऊन पडली. हात आत घालून त्याने दार उघडलं, पट्टा सोडवला आणि मुलीला उचलून राजश्रीच्या कुशीत दिलं.

"पकड़ो, बाजी. कसके पकड़ो," ताईला सांगावं तसं तो म्हणाला.

नीरज बाहेर आला आणि त्याने त्या माणसाच्या जबड्यावर ठोसा मारला. माणसाने तो खाल्ला. पाना वाळूत टाकून दिला. मग नीरजचा हात पिरगळून त्याला बॉनेटवर पालथा दाबला आणि सगळं वजन त्याच्यावर टाकून उभा राहिला.

"बस, भाईसाहब," तो धापा टाकत म्हणाला. "बस हो गया."

पोलिसांची गाडी येईपर्यंत तो तसाच उभा होता. त्याचं नाव सर्फराज. पाकिस्तानातल्या गुजरांवाल्याचा. ट्रकमध्ये एक जुनं इंजिन होतं, शुवैखच्या गॅरेजमध्ये पोचवायचं.

हॉस्पिटलमध्ये अक्षराच्या भुवईला सात टाके पडले. राजश्रीच्या दोन बरगड्या आणि डावं मनगट मोडलं होतं. ड्यूटीवरच्या डॉक्टर असमा यांनी एक्स-रे उजेडापुढे बराच वेळ धरून ठेवला.

"या दोन आजच्या," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "ही तिसरी जुनी आहे. जुळून आलेली. कधीची?"

"तीन वर्षांपूर्वीची."

"तेव्हा काय सांगितलं होतंस?"

"बाथरूममध्ये पडले."

डॉक्टर असमांनी खुर्ची ओढून घेतली. "तू नर्स आहेस. रिपोर्टमध्ये काय लागतं ते तुला ठाऊक आहे. मी लिहिते, तू सांग. कपाळापासून सुरू कर."

राजश्रीने सांगितलं. कपाळ, ओठ, कान, मांडी. आजचं सांगून झाल्यावर ती थांबली नाही. जुनंही सांगितलं, वर्षांसकट. डॉक्टरांना दुसरा कागद घ्यावा लागला.

पलंगाच्या काठावर अक्षरा पाय हलवत बसली होती. डॉक्टर गेल्यावर ती म्हणाली, "मी एक्स्ट्रा बोलले. कागदावर नव्हतं. म्हणून झालं ना?"

"नाही."

"पण मी बोलले आणि मग..."

"अक्षरा, इकडं बघ. बाबा मारतो ते तू बोललीस म्हणून नाही. मी फोन घेतला म्हणून नाही. तो मारतो म्हणून मारतो."

अक्षराने यावर विचार केला. "मग आपण आधीच का नाही गेलो?"

"मला सांगता येत नाही गं," राजश्री म्हणाली आणि तिने अक्षराचा हात हातात घेतला. 

संध्याकाळी तिला पोलीस ठाण्यावर नेलं. बाकावर सर्फराज बसला होता, जबडा सुजलेला. दुसऱ्या खोलीत नीरज, नाकावर पट्टी. आणि दारात हरीश. नीरजने पहिला फोन त्यालाच केला होता.

हरीशला तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. "वहिनी," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तो म्हणतोय की तुम्ही अपघात झाला असं सांगा. गाडी घसरली. मग तो या ड्रायव्हरवरची तक्रार मागे घेईल. त्याने लिहून दिलंय की या माणसाने पान्याने हल्ला केला. केस झाली तर याचा इकामा जाईल. परत पाठवतील याला."

"तुम्हाला काय वाटतं, हरीशभाऊ?"

 "मला दोन वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. स्विमिंग पूलवर शुभदाने तुमच्या दंडावर बोटांचे वळ पाहिले होते. मी तिला म्हटलं, आपण कशाला मध्ये पडायचं."

राजश्रीने त्याला धीर दिला नाही. ती सर्फराजकडे वळली. त्याने सगळं ऐकलं होतं, मराठी कळत नसलं तरी इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, हा शब्द त्याला कळला होता.

"मेरे तीन बच्चे हैं, बाजी," तो म्हणाला.  "डर तो लग रहा है. आप सच बोल दीजिए. मगर ज़रा जल्दी बोलिए, मालिक शुवैख में इंजन के लिए बैठा है."

अधिकारी तरुण होता. शेजारी भाषांतराला एक केरळी माणूस. राजश्रीने क्रमाने सांगितलं, वॉर्डात पाळी बदलताना पेशंटची हकीकत सांगतात तसं. खेळ, गाडी, ठोसे, अक्षराची भुवई, चावा, लाथा. सर्फराजने काच का फोडली. त्याने पाना नीरजवर उगारलासुद्धा नाही, उलट टाकून दिला.

"नवऱ्याचं नाक?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मी मोडलं. डब्याने. तीनदा मारलं."

"स्वतःला वाचवायला?"

भाषांतरकाराने हा प्रश्न मुद्दाम सोपा करून विचारला. नुसतं हो म्हणायचं होतं.

"पहिल्यांदा वाचायला मारलं," राजश्री म्हणाली. "नंतरचे दोन मला मारायचेच होते."

भाषांतरकार घुटमळला. "मॅडम, हे सांगू?"

"सांगा. खोटं बोलून मी नऊ वर्षं काढलीत. आता एकही वाक्य खोटं नको."

अधिकाऱ्याने ते ऐकलं, पेन दोन बोटांत फिरवलं आणि लिहून घेतलं.

रिंग रोडवरच्या कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं. नीरजने केसांना धरून ओढलं ते, आणि पाना वाळूत पडला तेही. सर्फराजला त्याच दिवशी सोडलं. राजश्रीने त्याच्यापुढे हात जोडले तेव्हा तो ओशाळला, "अल्लाह बच्ची को सलामत रखे," असं पुटपुटला आणि लगबगीने ट्रककडे गेला.

शुभदाने मायलेकींना आपल्या घरी नेलं. राजश्रीने आईला अंबाजोगाईला फोन लावला, आणि "आवाज असा का यायलाय गं तुझा?" एवढं आईने विचारताच ती पहिल्यांदा रडली. बरगड्या इतक्या दुखल्या की रडणंही पुरं करता येईना. आठवड्याने शुभदा तिच्याजवळ बसली आणि माफ कर म्हणाली.  "करीन," राजश्री म्हणाली. "आज नाही. तोवर तुझ्याकडे राहू दे." शुभदाने मान हलवली.

खटला पाच महिने चालला. तिच्यावरही तीनपैकी दोन फटक्यांबद्दल ठपका आला, पण कोर्टाने तो समज देऊन मिटवला. शेवटच्या तारखेला कोर्टाच्या पॅसेजमध्ये जामिनावर सुटलेला नीरज तिच्यासमोर येऊन उभा राहिला. बँकेने त्याला काढलं होतं. नाक किंचित वाकडं जुळलं होतं. दाढी वाढलेली, आवाज मऊ, लग्नाच्या पहिल्या वर्षीचा.

"राज, झालं ते झालं. माझं डोकं फिरलं होतं. आपण तिघं तिकडे जाऊ, नव्याने सुरू करू. अक्षराला बाप नको का?"

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. राजश्रीची उजवी मूठ आपोआप वळली. नजर शेजारच्या टेबलावर गेली, आणि तिथला जड पितळी कागददाब तिने पाहिला. त्याच्या नाकावर तो कुठे बसेल हेही तिला दिसलं, अगदी स्पष्ट. तिला भीती वाटली ती त्याची नव्हती.

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

"हात काढ," ती म्हणाली.

त्याने काढला नाही.

"नीरज, हात काढ. मी पुन्हा सांगणार नाही."

त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि काढला. आत त्याच्या नावाचा पुकारा झाला. राजश्री भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. तो आत जाईपर्यंत तिने बोटं सोडवली नाहीत.

नीरजला सहा महिन्यांची कैद झाली आणि त्यानंतर मायदेशी रवानगी. अक्षराचा ताबा आणि तिला देशाबाहेर नेण्याची परवानगी राजश्रीला मिळाली. तिने व्हिसावाल्यांना कळवलं की तीन माणसांऐवजी दोनच येतील.

कोर्टात जमा असलेला अक्षराचा पासपोर्ट घ्यायला ती एका रविवारी सकाळी गेली, इथला तो कामाचा वार. खिडकीतल्या कारकुनाने सही मागितली. डावं मनगट अजून नीट वळत नव्हतं, म्हणून तिने कागद कोपराने दाबून धरला आणि सही केली. फोटो पाहिला, आपलीच पोरगी आहे याची खात्री केली, पासपोर्ट पर्समध्ये ठेवून चेन लावली आणि दुपारची पाळी गाठायला निघाली.